आठपैकी आठ

"आई, सात! आठपैकी सात!"

गुरुदत्त गालावरचा साबण तसाच ठेवून बाहेरच्या खोलीत आला आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लाल पेनाने सात लिहून मोकळा झाला. चाळिशीला टेकलेला बाप्या, कारखान्यात हाताखाली तीस माणसं, आणि आनंद बघा केवढा! त्याच्या लेकीने, चिमीने, उद्या शाळेत पहिला नंबर काढला तरी एवढ्या उड्या मारणार नाही.

"पुरे रे. साबण वाळतोय," कुमुदिनीबाई म्हणाल्या. पण आतून त्यांनाही गुदगुल्या होत होत्या. का नाही होणार? गणपतीत याच खेळात त्यांना दोन मिळाले होते, आणि आता संक्रांत झाली तर सात.

हे सगळं सुरू झालं श्रावणात. त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि शेजारच्या कौसाबाईकडे जाऊन बसल्या. पातेलं जळून कोळसा झालं. आता एवढं तर कुणाच्याही हातून होतं. पण सून मालिनी घरी येऊन म्हणाली, "आई, दूध राहिलं वाटतं गॅसवर," तेव्हा त्या फटकन म्हणाल्या, "मी कुठे ठेवलं? तूच ठेवलंस." अगदी शपथेवर सांगावं अशा खात्रीने म्हणाल्या. मालिनी बिचारी हळूच म्हणाली, "आई, मी घरात नव्हते हो. चिमीला घेऊन दवाखान्यात गेले होते." त्या क्षणी कुमुदिनीबाईंना जी भीती बसली ती काही आजतागायत गेली नव्हती.

कारण त्यांनी हे आधी पाहिलं होतं. त्यांची आई कमळाबाई. तिचंही असंच दुधापासून सुरू झालं आणि चार वर्षांत ती पोटच्या मुलीला "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" असं विचारायला लागली. शेवटी भावाने दाराला बाहेरून कडी बसवली होती. ती कडी कुमुदिनीबाईंना अजून दिसायची.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, वयाच्या मानाने विसरणं जरा जास्त आहे, इतकंच. डोक्याला काम द्या. शब्दकोडी सोडवा, पत्ते खेळा. आणि निघता निघता म्हणाले, "बाहेरदेशी तर हल्ली म्हाताऱ्या माणसांना कॉम्प्युटरवर स्मरणशक्तीचे व्यायाम देतात." झालं! गुरुदत्तने ते एक वाक्य घट्ट धरलं. महिन्याभरात उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका सिंधी दुकानदाराकडून सुटे भाग जमवून त्याने कॉम्प्युटर उभा केला. "साईं, चलेगा नहीं, दौडेगा," असं दुकानदार म्हणाला होता, आणि खरंच दौडला. संध्याकाळच्या क्लासला जाऊन जेवढं शिकला होता तेवढ्यावर आईसाठीचा खेळ गुरुदत्तने स्वतः लिहिला.

खेळ साधा होता. पडद्यावर सोळा घरं. प्रत्येक घरात एक चित्र, आणि प्रत्येक चित्र दोन घरांत. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक, सूर्य, बाण, गाण्याची खूण आणि एक हसरं तोंड. वीस सेकंद सगळं उघडं दिसायचं, मग झाकलं जायचं. आता जोड्या लावा. घराचे नंबर दाबायचे. जोडी बरोबर आली तर टिंग, चुकली तर भूं. आठ वेळा दाबायची मुभा, म्हणजे आठपैकी मार्क.

आणि त्या कॉम्प्युटरचे लाड तर विचारू नका. चपला बाहेर. पाण्याचा तांब्या लांब. मालिनीने त्याला लेस लावून पांढरं कव्हर शिवलं होतं. रोज सकाळी गुरुदत्त कव्हर काढणार, बटण चालू करणार, आई एक डाव खेळणार, डाव संपला की बटण बंद आणि कव्हर वर. दुसरा डाव नाही. "गरम होतं गं ते. जपून वापरलं तर वीस वर्षं जाईल," असं तो म्हणायचा. आई खेळत असताना तो मुद्दाम आरशापाशी जाऊन दाढी करायचा. परीक्षेला बसलेल्या माणसाच्या मानेवर कुणी उभं राहू नये, असं त्याचं म्हणणं.

आता खरी गोष्ट. मालिनीला सहा वर्षांनी नोकरी लागली होती, बदलापूरच्या एका शाळेत क्लार्क म्हणून. सोमवारी हजर व्हायचं होतं. चिमी साडेतीन वर्षांची. पाळणाघराचा विषय निघाला तेव्हा कुमुदिनीबाई उसळल्या होत्या, "घरात आजी जिवंत असताना पोर परक्याकडे? लोक काय म्हणतील?" गुरुदत्त आणि मालिनीने एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं कुमुदिनीबाईंना सुरीसारखं लागलं. मग गुरुदत्तच म्हणाला, "आठवडाभर रोज सहाच्या वर मार्क आले, तर चिमी तुझ्याकडे." आणि आजचा शुक्रवार हा सातवा दिवस होता.

शुक्रवार म्हणजे अंबरनाथच्या कारखान्यांची सुट्टी. मालिनीला शाळेत न्यायला पर्स आणि चपला घ्यायच्या होत्या, म्हणून चिमीला घेऊन तिघं उल्हासनगरला निघाली. तेवढ्यात स्कूटर द्यायला आलेल्या गुरुदत्तच्या मित्राने खालून हॉर्न वाजवून हाकांचा सपाटा लावला. त्या गडबडीत गुरुदत्त कॉम्प्युटर बंद करायचाच विसरला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

घर शांत झाल्यावर कुमुदिनीबाईंच्या लक्षात आलं की पडदा अजून चमकतोय. खाली इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, पुन्हा? होय असेल तर एक दाबा. त्यांना हसू आलं. रोज ते वाक्य दिसायचं आणि रोज गुरुदत्त बटण बंद करायचा. आज कोण अडवणार? आठपैकी आठ काढून संध्याकाळी त्याच्या तोंडावर फेकू, अशा तोऱ्यात त्या बसल्या आणि त्यांनी एक दाबला.

घरं उघडली, वीस सेकंदांनी झाकली. त्यांनी तीन आणि अकरा दाबलं. भूं. हॅट! एक आणि सोळा. भूं. सहा आणि नऊ. भूं. त्यांनी हात मागे घेतला, पदराने कपाळ पुसलं. मघाशी तर बदाम तीन आणि अकरातच होते ना? पुढच्या पाच खेपांमध्ये एकदाच टिंग वाजलं, तेही चुकून. आठपैकी एक.

लक्ष नव्हतं, दुसरं काय. पुन्हा एक दाबला. या वेळी त्यांनी तोंडाने म्हणत म्हणत पाठ केलं, सूर्य चार, सूर्य दहा, बाण पाच... आणि घरं झाकली तसं सगळं पुसून गेलं. फळा ओल्या फडक्याने पुसावा तसं. आठपैकी शून्य.

सकाळी सात आणि आता शून्य? तासाभरात असं होतं का माणसाचं? की चित्रंच वेगळी होती? त्यांनी कॉम्प्युटरचं बटण बंद केलं, गुरुदत्त करतो तसं. मनात दहा आकडे मोजले. पुन्हा चालू केलं. खेळ आपोआप आला. घरं उघडली. तीनमध्ये बदाम. अकरात बदाम.

रोजचीच घरं! रोज चालू केलं की पहिला डाव हाच.

मग कुमुदिनीबाईंना जी गोष्ट सुचली ती सुचली नसती तर बरं झालं असतं. त्यांनी पुन्हा बंद करून चालू केलं आणि चष्मा काढून डोळे गच्च मिटले. वीस सेकंद मिटलेलेच ठेवले. मग तसंच, न बघता, बोटं बटणांवर ठेवली. तीन, अकरा. टिंग. एक, सोळा. टिंग. सहा, नऊ. टिंग. टिंग, टिंग, टिंग वाजत राहिलं. एकदाच भूं आलं. डोळे उघडले तर आठपैकी सात.

एका रंगाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. एकशे चाळीस एक्स्टेन्शन. साहेबाने नाव उच्चारायच्या आत वायर नेमक्या भोकात बसलेली असायची. नंबर काय आहे असं कुणी विचारलं तर सांगता यायचा नाही, पण हात बरोबर जायचा. म्हणजे हे काय प्रकरण आहे ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डोकं रिकामं होतं. शिकली होती ती बोटं. आणि चार महिने घरादाराने बोटांचे मार्क डोक्याच्या नावावर लिहिले होते.

त्यांनी बटण बंद केलं. सोमवारी चिमी माझ्याकडे. माझ्याकडे! पडदा काळा झाला तशी त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला आणि तो अगदी कमळाबाईंसारखा दिसला. त्यांनी घाईघाईने वर कव्हर घातलं.

संध्याकाळी सगळी परतली. मालिनीच्या अंगावर आनंद मावत नव्हता. तपकिरी पर्स तिने खुंटीला लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. "आई, चेन दोन आहेत हो हिला," म्हणाली. चिमी आईच्या नव्या चपला घालून घरभर फटक फटक करत फिरत होती. मध्येच येऊन आजीच्या मांडीवर धपकन बसली. "आजी, सोमवारी आपण दोघीच. आंधळी कोशिंबीर खेळायची." कुमुदिनीबाईंनी तिच्या केसांत नाक खुपसलं. कशी सांगणार? आणि का सांगायचं? मार्क तर सातच येणार. उद्याही, परवाही. जन्मभर सात. या घरात कुणाला कधी कळणारसुद्धा नाही. आणि सांगितलं तर? पाळणाघर. मग दाराला कडी. त्या गप्प बसल्या. नीट लक्ष ठेवू, जास्त काळजी घेऊ, आपण काही वेड्या झालो नाही, असं मनाला बजावत राहिल्या.

शनिवारी गुरुदत्त कामावर गेला, आणि दहाच्या सुमाराला मालिनी ब्लाउज आणायला शिंपिणीकडे गेली. "तासाभरात येते आई. चिमी आहे हं," असं दोनदा म्हणाली. कुमुदिनीबाईंना राग आला. चिमी आहे हे काय सांगायला हवं?

आणि मग त्या मंडईत उभ्या होत्या.

समोर गोजरबाई भाजीवाली मेथीची जुडी पुढे करून म्हणत होती, "घ्या नं आजी, चामटोलीची हाय, आताच उतरवली." कुमुदिनीबाईंच्या एका हातात पिशवी होती, मुठीत घराची किल्ली. दुसरा हात खाली, अर्धवट मिटलेला. कुणाचं तरी बोट धरल्यासारखा. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता.

चिमीला आणलं होतं की घरी ठेवलं?

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. दार. कुलूप. जिना. काहीच येईना. आणलं असेल तर पोर या गर्दीत सुटली, पलीकडे रस्ता, ट्रक, रिक्षा. घरी ठेवलं असेल तर कुलपाच्या आत एकटी, आणि गॅस? गॅस बंद केला होता? इकडे शोधायचं की तिकडे पळायचं? इकडे शोधत बसले आणि ती तिकडे असली तर? तिकडे पळाले आणि ती इथेच कुठे तरी रडत असली तर? देवा, पाय उचलेनात.

"गोजरबाई, मी आले तेव्हा... पोर होती का गं माझ्यासोबत?"

गोजरबाई हसली. "काय आजी, मस्करी करता? मी नाय बगितली बा. गर्दी कवढी हाय." मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू गेलं. "काय झाला वो?"

कुमुदिनीबाईंनी पिशवी तिथेच टाकली. "चिमे! चिमे!" अशा हाका मारत त्या मंडईच्या टोकापर्यंत गेल्या. लोक वळून बघत होते. लाल फ्रॉक दिसला, धावल्या, कुणा भलत्याचीच मुलगी. मग एकदम दुधाचं काळं पातेलं डोळ्यांपुढे आलं आणि त्या घराकडे सुटल्या. एक चप्पल वाटेत राहिली. त्रेसष्ट वर्षांची बाई भर रस्त्यात एका पायाने अनवाणी पळत होती आणि तोंडाने एकच म्हणत होती, मला शिक्षा कर, तिला नको.

दाराला कुलूप. आत आवाज नाही. किल्ली भोकात शिरेना. हाच हात, सव्वीस वर्षं एकदाही न चुकलेला! दार उघडलं. गॅस बंद होता. "चिमे?" पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. मग न्हाणीघरात पाण्याचं निळं पिंप. नळाला दिवसाआड पाणी म्हणून ते काठोकाठ भरून ठेवलेलं असायचं. झाकण बाजूला पडलं होतं. त्या दारातच थबकल्या. पिंपापर्यंतचं ते चार पावलांचं अंतर त्या कशा चालल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक. वाकून पाहिलं. पाणी, आणि पाण्यात त्यांचाच चेहरा.

तेवढ्यात भिंतीपलीकडून चिमीच्या हसण्याचा आवाज आला.

कौसाबाईच्या घरात चिमी पाटावर बसून गूळपोहे खात होती. "आल्या का वैनी? कवढ्या लवकर आल्या!" कौसाबाई म्हणाली. "आनि भाजी कुठंय? नि दुसरी चप्पल?"

"ही... इथे कशी?"

"आता घ्या! तुमीच नाय का सोडलीत? बोललात, बाजारात गर्दी हाय, पोरीला कशाला न्यायची. बरं केलंत. शहानपनाचं काम केलंत." आणि ती खळखळून हसली.

शहाणपणाचं काम! कुमुदिनीबाई दाराच्या उंबऱ्यावरच बसल्या. शहाणपणाने वागल्या होत्या, आणि त्यांना त्यातलं काहीही माहीत नव्हतं. आज बोटांनी नीट केलं. उद्या बोटं काय करतील ते कोण सांगणार? चिमी पोह्यांचे हात घेऊन गळ्यात पडली. त्यांनी तिला इतकं आवळलं की ती ओरडली.

मालिनी आली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. कुणाला काही कळलं नव्हतं. अजूनही गप्प बसता आलं असतं.

रविवारी सकाळी गुरुदत्तने कामावर जायच्या आधी कव्हर काढलं. "आज आठ काढ आई. संध्याकाळी येताना जिलबी आणतो." उद्याची साडी मालिनीने इस्त्री करून खुर्चीवर टाकली होती, त्यावर ती पर्स. चिमी आईच्या नव्या चपला पायात अडकवून जमिनीवर खेळत होती. गुरुदत्त बटण चालू करून आरशाकडे वळला.

"जाऊ नकोस. बस इथे," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "मालिनी, तूही ये गं."

दोघं येऊन उभी राहिली. पडद्यावर घरं उघडली. कुमुदिनीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खांद्यावरचा पदर ओढून डोळ्यांवर दोन वेढे घेतले आणि मागे गच्च गाठ मारली.

"आई, हे काय करतेस?"

"बघ तू."

वीस सेकंद गेले. त्यांनी बोटं ठेवली. तीन, अकरा. टिंग. एक, सोळा. टिंग. सहा, नऊ. टिंग. दोन, बारा. चार, सात. आठ, तेरा. दहा, पंधरा. शेवटी पाच आणि चौदा.

टिंग.

"किती?" त्यांनी विचारलं.

"आठ," गुरुदत्त म्हणाला. "आठपैकी आठ."

"आता एक दाब. दुसरा डाव मी डोळे उघडे ठेवून खेळते, तो बघ. शुक्रवारी खेळले, तेव्हा शून्य आले." मग एका दमात म्हणाल्या, "काल मी चिमीला कुठे ठेवलं ते मंडईत उभं राहून मला आठवेना. पिंपात वाकून बघितलं रे मी. माझ्याकडे नका ठेवू तिला. पाळणाघर बघा. आणि मालिनी, तू नोकरी सोडायची नाहीस, सांगून ठेवते."

गुरुदत्त पुटपुटला, "चालू होताना घरं पिसायचं खेळात घालायचं राहिलं... दर वेळी पहिला डाव तोच... मी विसरलो, आई. मीच विसरलो." मालिनीच्या हुंदक्याचा आवाज आला. कुमुदिनीबाईंचा हात पदराच्या गाठीकडे गेला आणि तिथेच राहिला. गाठ सोडली की या दोघांचे चेहरे बघावे लागणार होते, आणि तेवढं धैर्य त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

तेवढ्यात चिमीने वर पाहिलं. आजीचे डोळे बांधलेले बघून ती टाळ्या पिटत उठली. "आजीवर राज्य! आजीवर राज्य! मला पकड!"

नव्या चपला फटक फटक वाजल्या, दाराकडे, जिन्याकडे. कुमुदिनीबाई धडपडत उठल्या आणि दोन्ही हात पुढे करून अंधारात चाचपडू लागल्या.

"चिमे, लांब नको जाऊस गं," त्या म्हणाल्या. "आजीला सापडशील एवढ्यावरच राहा."